तार गुंडाळणारे हात



कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावी फेंडर कंपनीचा गिटारचा कारखाना होता. १९५६ साली तिथे अबिगेल इबारा नावाची एक मेक्सिकन वंशाची तरुण मुलगी कामाला लागली. तिचं काम तार गुंडाळायचं. ती निवृत्त झाली २०१३ मध्ये. मधल्या सत्तावन्न वर्षांत कंपनी विकली गेली, पुन्हा विकली गेली, कारखाना दुसऱ्या गावी हलला. अबिगेलबाई तार गुंडाळतच होत्या.

ही तार कसली ते आधी सांगायला हवं. इलेक्ट्रिक गिटारच्या अंगावर, वाजवायच्या तारांच्या अगदी खाली एक लहानसा भाग बसवलेला असतो. त्याला पिकअप म्हणतात. चुंबकाच्या बारीक कांड्या आणि त्यांच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे, एवढाच त्याचा जीव. वरची पोलादी तार छेडली की ती चुंबकाजवळ थरथरते, त्या थरथरीमुळे वेढ्यांमध्ये अगदी क्षीण वीज निर्माण होते, ती वायरमधून अँप्लिफायरकडे जाते आणि तिथून आवाज होऊन बाहेर पडते. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात फॅरडेचा प्रयोग आपण शिकलो, तोच हा. म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा आवाज लाकडाच्या पोकळीतून येत नाही; तो या गुंडाळीतून येतो. तार किती ताणून घेतली, वेढे कसे बसले, यावर तो ठरतो. मशीन फिरत असलं तरी तार बोटांतून सोडायची ती माणसाने. फेंडरच्या त्या जुन्या कारखान्यात हे काम प्रामुख्याने बायका करत. अबिगेलबाईंच्या हातचा पिकअप आपल्या गिटारमध्ये असावा म्हणून पुढे मोठमोठे वादक जास्त पैसे मोजू लागले.

विसाव्या शतकातल्या तरुणाईचा आवाज म्हणून ज्या वाद्याचा एवढा गवगवा झाला, त्याचा आवाज असा बायकांच्या बोटांतून तयार होत होता. आणि ते वाद्य गळ्यात अडकवून मंचावर उभे कोण होते? ओळीने पुरुष.

ही गोष्ट वाचताना इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या मैत्रिणींना काही आठवलं असेल. यंत्रमागाच्या गावांत कांड्या भरायचं काम वर्षानुवर्षं बायकांकडे आणि माग पुरुषाकडे. हातमागावरही तेच. सूत उकलायचं, कांडी भरायची ती घरातल्या बाईने. विणकर म्हणून नाव लागायचं ते नवऱ्याचं. कुंभाराच्या घरी माती आणायची, चाळायची, तुडवायची ती बाईने, पण चाकाला हात लावायचा नाही. शेतात पेरणी, खुरपणी, कापणी सगळी बाईची, पण नांगर धरायचा नाही. धरला तर पाऊस पडत नाही म्हणे. बाईची बोटं नाजूक, चिवट आणि स्वस्त म्हणून मागच्या कामाला घ्यायची, आणि ज्या ठिकाणी काम दिसतं, नाव होतं, पैसा हातात येतो, तिथे पोचली की तीच बोटं नालायक ठरवायची. गिटारच्या बाबतीत निराळं असं काही घडलेलं नाही.

याचा आणखी एक पुरावा अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या कालामाझू गावात आहे. तिथे गिब्सन कंपनीचा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात पुरुष सैन्यात गेले आणि कारखान्यात बायका आल्या. युद्धाच्या काळात आम्ही गिटार जवळजवळ बनवल्याच नाहीत, युद्धसामग्रीचंच काम केलं, असं कंपनी पुढे सांगत राहिली. या शतकात जॉन थॉमस नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकाच्या हाती कारखान्यासमोर उभ्या असलेल्या बायकांचा एक जुना गट-फोटो लागला. त्याने त्यातल्या हयात म्हाताऱ्यांना शोधून काढलं, कंपनीच्या जुन्या वह्या तपासल्या आणि पुस्तक लिहिलं. त्या काळात हजारो गिटार बनल्या होत्या आणि त्या या बायकांनी बनवल्या होत्या. (त्या साध्या, विजेविना वाजणाऱ्या गिटार, आज संग्राहक त्या भारी किमतीला घेतात.) बाईने बनवलेली वस्तू बाजारात कमी प्रतीची समजली जाईल या भीतीने हे लपवलं असावं, असा तर्क केला जातो. आम्हाला तो पटतो.

काही मैत्रिणी म्हणतील, पाण्याचा प्रश्न आहे, रेशनचा आहे, घराघरातली मारहाण आहे, आणि तुम्ही अग्रलेख लिहिता तो गिटारवर? शहरातल्या, इंग्रजी शाळेतल्या चार मुलींची हौस ती! प्रश्न रास्त आहे. पण हौस हा शब्द आपण जरा तपासून घेऊ. मुलाच्या हौसेसाठी घरात पैसे निघतात, जागा निघते, शेजाऱ्यांची कुरकुर ऐकून घेतली जाते. मुलीची हौस मात्र लग्नाआधीचा थोडा काळ, अभ्यास आणि घरकाम सांभाळून, आवाज न करता. ज्या वाद्याचा सगळा अर्थच आवाज मोठा करण्यात आहे, ते वाद्य मुलीच्या हाती द्यायला समाज का बिचकतो, हा आपला प्रश्न आहे. मुलीने हळू बोलावं, हळू हसावं, पाय आपटत चालू नये, हे ज्या घरात शिकवतात त्याच घरात अँप्लिफायर आणायचा आहे.

गंमत अशी की गिटार हे वाद्य नेहमी पुरुषाचं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या सुखवस्तू घरांत लहान अंगाची गिटार हे दिवाणखान्यात बसून मुलींनी वाजवायचं वाद्य होतं. लंडनमध्ये मॅडम सिडनी प्रॅटन ही बाई गिटारची नामांकित शिक्षिका होती. बसून, हळू आवाजात, घरच्या माणसांसमोर: असं असेपर्यंत कुणाची हरकत नव्हती. १९३०च्या दशकात रिकनबॅकर कंपनीने पहिली इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली, वाद्य दिवाणखान्यातून नाचघरात, दारूच्या गुत्त्यात, पुढे मैदानात गेलं, त्यात पैसा आला, आणि मग ते पुरुषाचं ठरलं. स्वयंपाक घरात बाईचा आणि हॉटेलात शेफचा, तशातलंच.

पण इथेही इतिहास जसा सांगतात तसा नाही. या नव्या वाद्याकडे सुरुवातीलाच वळलेल्यांत बायका होत्या, आणि त्याही काळ्या, गरीब बायका. मेम्फिस मिनी हे त्यातलं पहिलं नाव. खरं नाव लिझी डग्लस, जन्म १८९७. रस्त्यावर वाजवत ती मोठी झाली, पुढे शिकागोत आली. बिग बिल ब्रूंझी हा त्या काळचा मोठा ब्लूज गायक-वादक. स्पर्धेत मिनीने आपल्याला हरवलं हे त्याने स्वतःच्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. १९४२ सालच्या शेवटच्या रात्री शिकागोच्या एका क्लबात ती इलेक्ट्रिक गिटार वाजवत होती, आणि ऐकायला कवी लँग्स्टन ह्यूज होता. त्याने जानेवारी १९४३ मध्ये ‘शिकागो डिफेंडर’ या काळ्या लोकांच्या वर्तमानपत्रात तिच्यावर लिहिलं. तिच्या गिटारच्या आवाजात त्याला पोलादाच्या कारखान्यातली यंत्रं ऐकू आली. रॉक संगीताचा जन्म ज्या १९५० च्या दशकात सांगितला जातो, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

दुसरं नाव सिस्टर रोझेटा थार्प. १९१५ साली आर्कान्सा राज्यातल्या कॉटन प्लँट गावी जन्म. आई चर्चमध्ये गाणारी, वाजवणारी, धर्मप्रचारासाठी गावोगाव फिरणारी. लहानगी रोझेटा आईबरोबर फिरत गिटार वाजवू लागली. १९३८ साली डेक्का कंपनीसाठी तिने पहिल्या रेकॉर्ड केल्या. १९४४ मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं तिचं एक भक्तिगीत पुढच्या वर्षी काळ्या लोकांच्या संगीताच्या यादीत वर चढलं. त्यातलं गिटारवादन ऐकून, हे रॉक अँड रोलच्या अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डपैकी एक, असं आज अनेक अभ्यासक म्हणतात. देवाचं गाणं नाचघरात नेलं म्हणून चर्चवाले नाराज, आणि नाचघरात देवाचं गाते म्हणून तिथले नवलात. ती दोघांनाही पुरून उरली. १९५१ मध्ये वॉशिंग्टनच्या बेसबॉलच्या मैदानावर तिने आपलं तिसरं लग्न तिकीट लावून केलं, हजारो लोक आले, आणि लग्न लागल्यावर नवरीनेच गिटार वाजवून कार्यक्रम केला! १९६४ मध्ये इंग्लंडात मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनावर तिचा कार्यक्रम टेलिव्हिजनसाठी चित्रित झाला. फलाटावर जाड कोट घातलेली एक मध्यमवयीन बाई, गळ्यात पांढरी इलेक्ट्रिक गिटार, रुळांच्या पलीकडे बसलेले गोरे तरुण. ती चित्रफीत आजही बघायला मिळते. संघटनेच्या एखाद्या शिबिरात जरूर दाखवा.

मिनी आणि रोझेटा दोघी १९७३ मध्ये गेल्या. मिनी शेवटची वर्षं अर्धांगवायूने, गरिबीत काढून. रोझेटाचा पाय मधुमेहामुळे कापावा लागला होता. मिनीच्या थडग्यावर दगड बसला १९९६ मध्ये, तोही बॉनी रेट या गिटारवादक गायिकेने पैसे दिले म्हणून. रोझेटाच्या थडग्यावर पस्तीसएक वर्षं नाव नव्हतं. अमेरिकेत रॉक संगीताचा सन्मान करणारी जी मोठी संस्था आहे, तिने १९८६ मध्ये पहिल्याच तुकडीत चक बेरीला घेतलं. रोझेटाला घेतलं २०१८ मध्ये. ‘रोलिंग स्टोन’ या मासिकाने २००३ मध्ये शंभर थोर गिटारवादकांची यादी छापली, त्यात बायका दोन. २०११ मध्ये नवी यादी केली, तरी दोनच. २०२३ च्या यादीत नावं अडीचशे झाली आणि रोझेटा एकदम सहाव्या क्रमांकावर आली. मधल्या बारा वर्षांत ती काही नवं शिकली नव्हती. यादी करणाऱ्यांवर दबाव आला, बायकांनी तिच्यावर पुस्तकं लिहिली, जुन्या चित्रफिती लोकांपुढे आल्या. चळवळीचं काम असं कुठेकुठे पोचतं.

या दोघींची त्यांच्या हयातीत जी स्तुती झाली तीही बघण्यासारखी आहे. ‘पुरुषासारखी वाजवते!’ ब्रूंझीनेही मिनीचं कौतुक पुरुषाच्याच मापाने केलं. आपल्याकडे कर्तबगार बाईला ‘मर्दानी’ म्हणतात, वडील कौतुकाने ‘ही माझी मुलगी नाही, मुलगाच आहे’ म्हणतात, त्याच जातीची ही स्तुती. वाईट वाजवलं तर बायका असंच वाजवणार. चांगलं वाजवलं तर ती बाई नव्हेच. मग बाईच्या खात्यावर जमा काय होणार?

पुरुषी ताकद लागते म्हणून हे पुरुषाचं वाद्य, असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा. साध्या गिटारपेक्षा इलेक्ट्रिक गिटारच्या तारा सहसा बारीक असतात, बोटांनी कमी दाबाव्या लागतात. आवाज मोठा करण्यासाठी अंगातला जोर लागत नाही, ते काम वीज करते. पुण्यातल्या गणेशोत्सवात पथकातल्या मुली कमरेला भला थोरला ढोल बांधून तासन्‌तास वाजवतात, त्यांना ताकदीचा पाठ कुणी द्यावा? बोटांना घट्टे पडतात हे खरं. पण बाईच्या हाताला घट्टे नवे आहेत का? विळ्याचे चालतात, जात्याचे चालायचे, तारेचे तेवढे चालत नाहीत.

वजन मात्र खरं असतं. काही गिटार चार-साडेचार किलोंच्या भरतात, आणि ते ओझं दोन-अडीच तास एका खांद्यावर. पण वस्तू कुणाच्या अंगाच्या मापाने घडवायची हे आधी ठरलेलं असतं. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर ही गिटार १९५४ मध्ये आली. तिच्या आधीच्या गिटारची कड बरगड्यांना टोचते अशी वादकांची तक्रार होती, म्हणून हिची मागची बाजू पोटाकडे खोलगट कापली. वादक पुरुष होते. त्यांची तक्रार ऐकली गेली आणि लाकूड कापलं गेलं. बाईच्या छातीला गिटार अडचणीची होते ही तक्रार ऐकायला २०१६ साल उजाडलं. त्या वर्षी सेंट व्हिन्सेंट या नावाने गाणाऱ्या ॲनी क्लार्क हिने एर्नी बॉल म्युझिक मॅन या कंपनीबरोबर आपल्या अंगाला बसणारी, हलकी, कमरेत बारीक गिटार तयार करवून घेतली. हिच बाई पुढे एका गिटार-मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकली. गिटारच्या खरेदी-विशेषांकावर बिकिनी घातलेल्या मुली छापायची त्या मासिकाची अनेक वर्षांची रीत होती. तिने फोटोसाठी बिकिनीतलं अंग छापलेला एक ढगळ सदरा घातला. भाषण न करता केलेलं निषेधाचं पथनाट्यच ते.

याच्या उलट एक वाट २००० साली निघाली. डेझी रॉक नावाची कंपनी एका बाईनेच काढली. मुलींसाठी लहान, हलक्या, फुलांच्या आणि बदामाच्या आकाराच्या, गुलाबी-जांभळ्या गिटार. यावर स्त्रीवादी वादकांत बराच वाद झाला. लहान हातांना बसेल असं वाद्य मिळालं हे चांगलंच. ते गुलाबी का, हा प्रश्न उरतोच. आमचं मत असं की हलकं आणि लहान वाद्य हे मुलांनाही हवंच असतं. ‘मुलींची गिटार’ असा वेगळा कप्पा केला की दुकानातली उरलेली सगळी भिंत आपोआप मुलांची होते.

दुकानाचा विषय निघालाच आहे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मेव्हिस बेटन ही स्वतः बँडमध्ये वाजवलेली बाई. तिने वादक स्त्रियांशी बोलून केलेल्या अभ्यासावर १९९८ मध्ये ‘फ्रॉक रॉक’ हे पुस्तक लिहिलं. वाद्यांचं दुकान, सरावाची जागा, पैसा, प्रवास, रात्री उशिरा परतणं, या साध्या वाटणाऱ्या गोष्टींचे अडथळे तिने एकेक करून मांडले आहेत. गिटारच्या दुकानात शिरलेल्या मुलीला विक्रेता विचारतो, भावासाठी हवी का? ती बघायला म्हणून वाजवू लागली की आजूबाजूची मुलं थांबून बघतात, चूक कधी होते याची वाट बघत. हार्डवेअरच्या दुकानात नळाचा वॉशर मागायला गेलेल्या बाईला हा अनुभव नवा नाही.

त्याहून खोल गोष्ट शिकण्याची आहे. तबला, सतार, व्हायोलिन गुरूकडे किंवा क्लासात शिकतात. इलेक्ट्रिक गिटार बरीचशी मित्रांकडून शिकतात. चार मुलं कुणाच्या तरी गॅरेजमध्ये, माडीवर जमतात, रेकॉर्ड पुन्हापुन्हा ऐकून नक्कल करतात, एकमेकांची बोटं बघतात, वायर कुठे जोडायची, फ्यूज उडाला तर काय करायचं, सगळं तिथेच कळतं. म्हणजे ही विद्या कट्ट्यावर मिळते, आणि कट्ट्यावर मुलगी बसत नाही. मोटरसायकल दुरुस्ती, मंडळाचं साउंड, वायरिंग, शहरातल्या कितीतरी रोजगारांची विद्या अशीच कट्ट्यावरून पुढे जाते. ‘मुलींना यांत्रिक गोष्टींची आवड नसते’ असं मग आपण ऐकतो.

म्हणून ज्या मुली या वाटेने पुढे गेल्या त्यांच्यामागे बहुतेकदा घरातलं कुणीतरी असतं. रोझेटाच्या मागे आई होती. मुंबईची मोहिनी डे ही १९९६ साली जन्मलेली मुलगी आज बास गिटारवर जगभर वाजवते, झाकिर हुसेन, ए. आर. रहमान यांच्याबरोबर वाजवलं आहे. तिचे वडीलच बास वाजवणारे. हे तिच्या मेहनतीला उणं करण्यासाठी सांगत नाही. पण ज्या घरात गिटार नाही, त्या घरातल्या मुलीचं काय? जोन जेट ही पुढे नामवंत झालेली वादक सांगते की तिला पहिल्या शिक्षकाने मुली रॉक वाजवत नाहीत असंच सुनावलं होतं आणि जुनं लोकगीत शिकवायला घेतलं होतं. तिने क्लास सोडला आणि घरी बसून शिकली. सगळ्याच जणी असं करू शकत नाहीत.

घर सुटलं की वाद्य सुटतं, याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एलिझाबेथ कॉटन ही नॉर्थ कॅरोलायनातली काळी मुलगी. डावखुरी, म्हणून गिटार उलटी धरून वाजवायला आपली आपणच शिकली. कोवळ्या वयातच स्वतः गाणी रचली. लवकर लग्न झालं, मूल झालं, चर्चच्या लोकांनी असली गाणी सोड म्हणून सांगितलं, आणि गिटार सुटली. कित्येक वर्षं. ती घरकाम करून पोट भरत होती. पुढे वॉशिंग्टनजवळ सीगर या संगीतकारांच्या घरी ती कामाला राहिली. तिथे भिंतीवर गिटार टांगलेली होती. ती तिने एक दिवस उतरवली. पहिली रेकॉर्ड १९५८ मध्ये निघाली तेव्हा ती पासष्टीच्या आसपास होती, आणि नव्वदी ओलांडल्यावर तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तिची गिटार विजेवरची नव्हती, पण ती भांडी घासत होती ती वर्षं आठवतात. त्या घरात गिटार नसती तर? दुसऱ्यांच्या घरी काम करणाऱ्या किती जणींच्या हातात काय काय असेल, आणि त्यांच्या मालकिणींच्या घरात भिंतीवर काही टांगलेलं नसेल.

आपल्या देशात या प्रश्नाने उघड हिंसक रूप घेतलं ते श्रीनगरमध्ये. २०१२ मध्ये दहावीतल्या तीन मुलींनी ‘प्रगाश’ नावाचा बँड काढला: एक गाणारी आणि गिटार वाजवणारी, एक बास गिटार, एक ड्रम. प्रगाश म्हणजे प्रकाश. डिसेंबरमध्ये शहरातल्या स्पर्धेत त्यांनी पहिल्यांदा जाहीर कार्यक्रम केला आणि बक्षीस मिळवलं. लगेच इंटरनेटवरून शिवीगाळ, बलात्काराच्या धमक्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिथल्या मुफ्तींनी मुलींच्या गाण्या-वाजवण्याविरुद्ध फतवा काढला. मुख्यमंत्र्यांनी मुलींना जाहीर पाठिंबा दिला, पोलिसांनी धमक्या देणाऱ्यांवर गुन्हा नोंदवून अटकही केली. तरी मुलींनी बँड बंद केला. हे काश्मीरचं, त्या धर्माचं म्हणून आपण सुटू शकत नाही. पाठिंबा, कायदा, पोलीस, सगळं बाजूला असूनही पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींना वाद्य खाली ठेवावं लागलं, ते कुणाच्या भीतीने? शेजारच्यांच्या, नातेवाइकांच्या, उद्याच्या लग्नाच्या भीतीने. ती आपल्या आळीत नाही असं कोण म्हणेल?

आपल्याकडे गाणाऱ्या बाईला प्रतिष्ठा मिळवून द्यायला हिराबाई बडोदेकरांसारख्यांच्या पिढीला झगडावं लागलं. वाजवणाऱ्या बाईची लढाई अजून मागे आहे. तमाशाच्या फडात नाचते-गाते ती बाई. ढोलकी, हलगी, तुणतुणं पुरुषाच्या हातात. मुंबईच्या आबान मिस्त्री यांनी तबला एकट्याने मैफिलीत वाजवायला सुरुवात केली तेव्हा तसं करणारी दुसरी बाई जवळपास नव्हती. त्यांनी तबल्याच्या घराण्यांवर मोठा ग्रंथही लिहिला. २०१२ मध्ये त्या गेल्या. अनुराधा पाल यांनी १९९६ मध्ये फक्त बायकांचा तालवाद्यांचा गट उभा केला. या नावांना आपल्या व्याख्यानमालांत फारशी जागा मिळत नाही. आणि महिला मेळाव्यांत गाणी मुली म्हणतात, ढोलकीवर कुणाचा तरी भाऊ असतो, माइक आणि साउंडची पेटी तर हमखास पुरुषाकडे, हे चित्र आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे.

बदल होतो आहे. २०१८ मध्ये फेंडर कंपनीने अमेरिका आणि ब्रिटनमध्ये केलेल्या पाहणीत नव्याने गिटार घेणाऱ्यांत निम्म्या बायका-मुली निघाल्या. कंपनीला याचा आनंद होणारच, गिऱ्हाईक दुप्पट झालं. पण घेणं आणि वाजवत राहणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर कंपनी मोजत नाही. ते कमी करण्याचं काम २००१ साली अमेरिकेत पोर्टलंड शहरात एका विद्यार्थिनीने अभ्यासक्रमातला प्रकल्प म्हणून सुरू केलं: मुलींसाठी आठवड्याचं शिबिर. आठ ते अठरा वयाच्या मुली, बहुतेकींनी वाद्याला हातही न लावलेला. सोमवारी वाद्य निवडायचं, बँड करायचा, स्वतः गाणं रचायचं, शनिवारी मंचावर वाजवायचं. शिकवणाऱ्या बायका, आवाजाची यंत्रणा सांभाळणाऱ्या बायका, आणि मधल्या वेळात स्वसंरक्षणाचे धडे. आज अशी शिबिरं अनेक देशांत होतात. आठवड्यात कुणी वादक होत नाही. पण चुकताना कुणी हसत नाही अशी जागा मुलीला आठवडाभर मिळते आणि प्लग कुठे जोडायचा हे तिला बाईकडून कळतं.

हे आपल्याकडे करायला इलेक्ट्रिक गिटारच हवी असं नाही. तालुक्याच्या गावी हलगी, ढोलकी, कॅसिओ आणि साउंडची पेटी एवढ्यावर भागेल. ज्या संघटनांकडे शिबिरासाठी जागा आणि दोन दिवस आहेत त्यांनी कळवावं. शिकवू शकतील अशा वादक मैत्रिणींची यादी आम्ही जमवायला घेतली आहे. तुम्ही स्वतः वाजवत असाल, किंवा एकेकाळी वाजवत होतात, तर त्याविषयी लिहून पाठवा: वाद्य कुणी घेऊन दिलं, सराव कुठे करायचात, कधी सुटलं आणि आता ते कुठे आहे, माळ्यावर, की विकलं गेलं, की भाच्याला दिलं. पोस्टकार्डही चालेल.